एक ठिपका टिटवाळ्यासाठी

चिपळूणहून निघताना माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत वसुताईसाठी कुळथाचं पीठ, आमसुलं आणि घरचे पोहे. दुसरी रिकामी, घडी घालून ठेवलेली, कारण परत येताना तिच्यात ताईचे कपडे भरायचे होते. मी तिला कायमची चिपळूणला घेऊन यायलाच निघाले होते, आणि आतल्या खोलीत तिच्यासाठी गादीला उन्हं दाखवून ठेवली होती.

वसुताई माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून डोंबिवलीला, मानपाडा रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत राहिली. इमारत पुनर्विकासाला गेली, पाठोपाठ भाऊजीही गेले. मुलगा बंगळूरला असतो. त्यानं आईला टिटवाळ्याच्या एका नव्या संकुलात सातव्या मजल्यावर छान हवेशीर फ्लॅट घेऊन दिला. पूर्वी ताईला फोन लावला की चार-पाचदा वाजून बंद व्हायचा. बाईसाहेब भाजीला गेलेल्या असायच्या, नाहीतर कुणाच्या दारात उभ्या असायच्या. टिटवाळ्याला गेल्यापासून ती पहिल्या रिंगला फोन उचलायला लागली. ऐकणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही, पण मला धास्ती बसली. ही बाई दिवसभर फोनशेजारी बसून असते, हे मला इथं चिपळुणात कळत होतं.

मी तिला म्हटलं, चल माझ्याकडे. मीही एकटी, तूही एकटी. तेव्हा तिनं एक विचित्र अट घातली. तिच्या मोबाईलवर एक खेळ आहे. त्यात आपल्याच गावाचा नकाशा दिसतो आणि नकाशावर निळे ठिपके असतात. एखादं देऊळ, कारंजं, भिंतीवरचं चित्र, असं काहीतरी. पायी चालत त्या ठिपक्यापाशी गेलं की खेळात काहीबाही बक्षीस मिळतं. डोंबिवलीत डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं तेव्हा मुलानं हा खेळ घालून दिला होता, आणि ताई त्या नादानं रोज फिरायची. टिटवाळ्याच्या तिच्या घराभोवती मात्र एकही ठिपका नव्हता. बरंच खेळलेल्या माणसाला नवी जागा सुचवता येते, बाकीचे खेळाडू ती तपासतात आणि मग ठिपका उमटतो. ताई म्हणाली, "माझ्या घराजवळ एक जागा मंजूर होण्यासारखी मिळाली तर मी इथंच राहीन. नाही मिळाली तर तुझ्याबरोबर येते. आधी रश्मीकडे जा, ती तुला सगळं दाखवेल."

अशी अट ऐकून हसावं की रडावं कळेना. पण ताई लहानपणापासून हट्टी, आणि अट माझ्या सोयीची होती. नव्या संकुलांच्या ओसाडीत नाव घेण्यासारखं काय सापडणार?

दुपारी ठाण्याला उतरले. रश्मी ताईची डोंबिवलीची शेजारीण, वय पस्तिशीचं, ठाण्यात रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. ती स्टेशनवर घ्यायला आली होती. मला वाटलं, घरी जाऊन चहा मिळेल. तिनं माझी जड पिशवी खांद्याला लावली आणि मला थेट तलावपाळीला नेलं.

ठाण्याचा हा तलाव मी आधीही पाहिला होता, पण येताजाता, रिक्षातून. त्या दिवशी पायी फेरी मारली. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, पाण्यात वल्हवायच्या होड्या आणि कठड्यावर एकमेकांशी न बोलता बसलेले म्हातारे. शहराच्या ऐन मध्यावर इतकं पाणी कुणीतरी राखून ठेवलंय, याचंच मला कौतुक वाटलं. रश्मी मोबाईल पुढे धरून चालत होती. पाण्यातलं छोटं देऊळ, त्याचा ठिपका. घाटाच्या पायऱ्या, त्यांचा ठिपका. आमच्या डाव्या हाताला एका भिंतीवर कुणीतरी मासळी विकणारी बाई रंगवली होती, तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. तिचाही ठिपका होता. थांबून पाहिलं तर चित्रातल्या बाईच्या टोपलीतला पापलेट अगदी ताजा वाटत होता.

मी एका भव्य नव्या इमारतीकडे बोट दाखवून हिला का नाही ठिपका, असं विचारलं. रश्मी हसली.

"मावशी, तसं नाय चालत. जिथे कोणीपण चालत जाऊ शकतं, जे उद्यापण तिथेच असेल आणि ज्याच्याबद्दल दोन वाक्यं सांगता येतील, तेच टाकायचं. कोणाचं घर नको, शाळा नको. आणि भारी दिसलं पाहिजे असं कायच नाय."

मुक्काम डोंबिवलीला रश्मीकडे होता. संध्याकाळी ती मला ताईच्या जुन्या वाटेनं घेऊन गेली. आमच्या चिपळुणातली अर्धी माणसं पोटासाठी जिथं गेली ते हे गाव. पोळी-भाजी केंद्राबाहेरच्या रांगेत मला तीन ओळखीची आडनावं ऐकू आली. वाचनालयाचा जिना, व्यायामशाळेबाहेरचा सिमेंटचा पैलवान, चौकातलं बंद पडलेलं घड्याळ, पाण्याची जुनी टाकी, सगळ्यांवर ठिपके. खेळात बंद घड्याळाच्या ठिपक्याखाली कुणीतरी लिहिलं होतं की हे दिवसातून दोनदा बरोबर असतं, आणि इथं भेटायचं ठरलं की डोंबिवलीकर मात्र वेळेवर येतो. हे लिहिणारी आमची वसुताई होती. मी तिथं उभी राहून ते दोनदा वाचलं. बहीण इतकं बरं लिहिते हे मला ठाऊक नव्हतं.

मग रश्मीनं मला तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं बुद्धविहार दाखवलं. लहानसंच, पांढरं, दारात पिंपळ. तिचे आजोबा आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून ते बांधलं होतं. तिनं पाठवलेली ही पहिली जागा. मंजुरी आली त्या दिवशी तिच्या आईनं गल्लीत पेढे वाटले म्हणे. मी विचारलं, खेळातल्या ठिपक्यासाठी पेढे? रश्मी म्हणाली, "मावशी, नकाशात आमची गल्लीच नव्हती ना आधी." पेढे वाटण्यासारखीच गोष्ट होती ती.

दुसऱ्या दिवशी रश्मीची सुट्टी होती. टिटवाळ्याला जाता जाता आम्ही कल्याणला उतरलो. दुर्गाडीवर जाऊन खाडी पाहिली. आरमाराची पहिली गलबतं याच पाण्यात तरंगली, ही शाळेत पाठ केलेली ओळ तिथं उभं राहिल्यावर खरी वाटते. खाली खाडीत होड्या होत्या, पुलावरून ट्रक जात होते आणि बुरुजावर भन्नाट वारा होता. मला तिथून हलवेना.

एव्हाना मलाही ठिपक्यांचा नाद लागला होता. कल्याणच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात, एका घराच्या दारापुढे मला कोरीव दगड दिसला, त्यावर घोडेस्वार आणि वर चंद्र-सूर्य. वीरगळच, लढाईत पडलेल्या वीराचा दगड! एवढी मोठी वस्तू आजवर कुणाला दिसली नाही म्हणून मी हरखून गेले आणि वाकून फोटो काढायला लागले. एवढ्यात दारातून एक बाई बादली घेऊन बाहेर आल्या आणि घोडेस्वाराच्या डोक्यावर त्यांनी भिजवलेली चादर आपटली. तो त्यांचा धुणं धुवायचा दगड होता, सासूच्या सासूपासूनचा. पाणी माझ्या मोबाईलवर, चष्म्यावर आणि साडीवर. बाई इतक्या ओशाळल्या की आम्हाला घरात नेऊन चहा आणि गरम कांदाभजी खायला घातली. दगड मात्र त्यांच्या अंगणातला, म्हणजे नियमात बसणारा नव्हता. निघताना त्या म्हणाल्या की आता त्याच्यावर धुणं आपटायचा धीर होणार नाही, दुसरा दगड बघावा लागेल. सकाळ वाया गेली असं मला मुळीच वाटलं नाही.

टिटवाळ्याला उतरून रिक्षानं ताईच्या संकुलापाशी आलो. उंच गुलाबी इमारती, अजून झाडं न धरलेली बाग, पलीकडे मोकळी माळरानं आणि लांबवर डोंगर. हवा सुरेख. पण ताईनं दार उघडलं, तर ती केवढी बारीक झाली होती. घर लख्ख होतं, जेवण सुग्रास होतं, पण दाराशी चपलांचा एकच जोड आणि त्याच्यावर धूळ.

जेवताना तिनं आपली फजिती सांगितली. पहिल्यांदा तिनं फाटकाबाहेरच्या पिंपळाखालची जागा पाठवली होती. तिथं बुंध्याशी गणपती, दत्त, लक्ष्मी, साईबाबा असे झाडून सगळे देव मांडलेले. ताईला वाटलं, उघड्यावरचं देवस्थानच आहे. तिनं भक्तिभावानं वर्णनही लिहिलं. खरं तर नव्या घरात नव्या तसबिरी आल्यावर लोकांनी जुने, फुटक्या काचांचे देव तिथं आणून ठेवले होते, आपल्याकडे नदीकाठी ठेवतात तसे. चार दिवसांनी कचऱ्याची गाडी आली आणि अख्खं देवस्थान घेऊन गेली. जागा नामंजूर झाली. आम्ही तिघी पोट धरधरून हसलो, ताई सगळ्यांत जास्त.

मग ती खिडकीपाशी गेली. "तिकडे एक गाव आहे," ती म्हणाली. "झाडी दिसते ना, त्यात गावदेवी आहे म्हणे. मी काही गेले नाही."

ते गाव खिडकीतून दिसत होतं, आणि ही बाई तिथं राहायला आल्यापासून एकदाही तिकडे गेली नव्हती. मी तिच्या चपला झटकून तिच्यापुढे ठेवल्या.

गावाचं नाव मी लिहीत नाही, तसं कबूल केलंय. संकुलाच्या मागच्या फाटकातून पायवाट निघते, ती वालाच्या शेतांच्या कडेनं जाते आणि आगरी लोकांची ती वस्ती येते. घरं आता पक्की, रंगीत, पण अंगणं सारवलेली. वस्तीच्या टोकाला मोठ्या चिंचेखाली देवी, शेंदूर लावलेला तांदळा (ओबडधोबड उभा दगड), वर छप्पर नाही. तिला छप्पर चालत नाही, तिला आभाळ लागतं, असं तिथल्या नामदेवदादांनी सांगितलं. पूजा त्यांच्या घराण्याकडे. साठीचे, धिप्पाड, गळ्यात सोन्याची साखळी आणि बोलणं एकदम हळू. जागा अशी शांत आणि देखणी की मला आत कुठंतरी टोचलं. ही मंजूर होणार हे मला दिसत होतं, म्हणजे ताई इथंच राहणार आणि माझी पिशवी रिकामी परत जाणार.

ताईनं खेळाचं सगळं समजावून सांगितलं. दादांनी मोबाईल हातात घेऊन नकाशा पाहिला, त्यात आपलं गाव शोधलं, ते सापडलं नाही तेव्हा मान हलवली. पोरं चपला घालून वर चढतील, याची त्यांना भीती होती. पण हो किंवा नाही त्यांनी म्हटलं नाही.

"आमी कोन सांगनार? तिला इचारू," ते म्हणाले. "कौल लावू."

कौल म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको, तरी परगावच्या वाचकांसाठी सांगते. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मोबाईलवरच्या खेळाबद्दल देवीला कौल लावलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. दादांनी झेंडूच्या पाकळ्या भिजवून लावल्या आणि हात जोडून सांगितलं की आई, या बायांना तुझा फोटो टाकायचाय, लोक चालत येतील, तुझी मर्जी काय ती सांग. ताई डोळे मिटून उभी होती. रश्मीनंही मोबाईल पिशवीत टाकला.

पाकळ्या पडेनात. देवीला घाई नव्हती. वारा पडला होता. आम्ही चिंचेखाली टेकलो, आणि दादांची भावजय हिराबाय आमची विचारपूस करायला आली. सत्तरी ओलांडलेली, दंडावर गोंदण, नऊवारी गुडघ्यापर्यंत. बाया कुठल्या, कधीपासून बसल्यात, एवढं विचारून ती गेली आणि तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकी चटणी घेऊन आली. मी चिपळूणची, सुक्या मासळीच्या बाबतीत कुणाला भीक घालत नाही. पण तो जवळा! कैरीची सुकी फोड घातलेला, लसूण ठेचून टाकलेला. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी नको म्हणताना जीव जड झाला.

ताई आणि हिराबाय एव्हाना बोलत होत्या. भाऊजींबद्दल, हिराबायच्या गेलेल्या नवऱ्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, जमिनी गेल्यावर सुना नोकऱ्यांना लागल्या आणि दुपारी गावात म्हाताऱ्याच उरतात त्याबद्दल. हिराबाय म्हणाली की त्या गुलाबी बिल्डिंगी ती रोज बघते आणि विचार करते की यात माणसं राहतात की नुसते दिवे. ताई हसली. इतका वेळ सलग बोलताना मी तिला भाऊजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आणि डावी पाकळी पडली.

ताईचा चेहरा उतरला. मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते, मला आनंद झाला. आतल्या खोलीतली गादी डोळ्यांपुढे आली. ताईनं देवीला नमस्कार केला, दादांना म्हणाली की तिची मर्जी ती खरी, आणि मला म्हणाली, "चल कुंदे, कपडे भरू." ती उठायला लागली आणि गुडघा धरून पुन्हा बसली.

तेव्हा हिराबाय बोलली. "देवी नाय बोलली ती तिचेपुरती. बाव हाय ना."

दादा म्हणाले, मग बावीसाठी पुन्हा कौल लावायला पाहिजे.

"कशाला? बाव काय देवीची हाय?" हिराबाय म्हणाली. "बाव बायांची. बायांना इचार."

बाव (विहीर) चिंचेपासून हाकेच्या अंतरावर होती. गोल, काळ्या दगडांची, आत उतरायला पायऱ्या, आणि काठाच्या दगडांवर दोर घासून घासून बोट बसेल अशा खाचा. नळ आल्यापासून पिण्याचं पाणी तिथून भरत नाहीत. पण गावात लग्न लागलं की नवरी आजही पहिला हंडा तिथंच भरते, आणि गावातल्या बाया त्या वेळी तिला आपापल्या सासरची पहिली गोष्ट सांगतात. पुरुषांनी तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. नामदेवदादांनी स्वतः ती पद्धत कधी पाहिलेली नाही.

हिराबायनं हाका मारल्या. दुपारच्या वेळी घरी असलेल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या आल्या, एकदोन सुनाही. बावीच्या काठावर बसून त्यांनी विचार केला, मोठ्यानं, सगळ्यांनी एकदम. हंडा भरणाऱ्या नवरीचा फोटो कुणी काढायचा नाही, गावाचं नाव भलत्या ठिकाणी छापायचं नाही आणि पाण्यात प्लास्टिक टाकलेलं दिसलं तर शिव्या पडतील, हे लिहायचं. शेवटचं वाक्य ताईनं जरा मऊ करून लिहिलं. मग त्या सांगत गेल्या आणि ताई मोबाईलवर टिपत गेली. खाचांबद्दल हिराबायनं जे सांगितलं ते ताईनं जसंच्या तसं घातलं: "यातली एक खाच माझी हाय. कंची ती मना ठावं."

रश्मीनं फोटो काढला. ताईनं बटण दाबलं. उत्तर यायला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नाही, असं रश्मी म्हणाली. मग ठरलं की उत्तर येईपर्यंत ताईनं तिथंच थांबायचं.

मी एकटीच परतले. दुसरी पिशवी रिकामी नव्हती, तिच्यात हिराबायनं दिलेला जवळा होता आणि त्याचा वास घरी येईपर्यंत सगळ्या डब्याला येत होता. वाटेत मी विचार करत होते की आपल्या चिपळूणच्या परशुराम घाटातला, मार्कंडीतला, पेठेतला कुठला कोपरा मी पाठवला असता. आपण प्रवासाला जातो ते आधीच कुणीतरी पाठवलेल्या जागा बघायला. स्वतः जागा निवडायची वेळ आली की मात्र त्या जागेशी बोलावं लागतं, आणि तिच्या मालकिणींशीही. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही मी आजवर गाडी बदलायची स्टेशनं समजत होते. माझी चूक झाली होती, आणि ती कळल्याचा मला आनंद आहे.

घरी आल्यावर रोज संध्याकाळी ताईला फोन करत होते. पहिले काही दिवस ती पहिल्या रिंगला उचलायची आणि अजून उत्तर नाही, असं सांगायची. मग एका संध्याकाळी फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काळोख पडल्यावर तिचाच फोन आला.

"अगं बावीवर होते," ती म्हणाली. "हिराबायच्या पुतण्याच्या मुलाचं लग्न ठरलंय. हंडा घासत होतो. काय काम होतं?"

"तुझा ठिपका आला का ते विचारायचं होतं."

"नाही आला अजून," ताई म्हणाली. "येईल की. त्याची कुणाला घाई आहे?"

तिला भाजी फोडणीला टाकायची होती, म्हणून तिनं फोन ठेवला. मी आतल्या खोलीत गेले, गादी गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला नाही. ती घरी नसणार.